बोटीचे दिवस कापू नका: सागरविज्ञानाचे अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
गोव्यातील सागरविज्ञान अभ्यास मंडळांचे सदस्य, विभागप्रमुख,
आणि सरकारी नोकरभरतीचे नियम लिहिणारे अधिकारी

महोदय, महोदया,

पदव्युत्तर सागरविज्ञानाच्या एका नव्या मसुद्यात पाण्यावरच्या कामाचे दिवस आठावरून दोनावर आणले आहेत. उरलेल्या सहांच्या जागी संगणकावरचे ‘आभासी क्षेत्रकार्य’ येणार आहे. कारणे तीन दिली आहेत: बोटीचे भाडे, विम्याची कटकट आणि पावसाळा. संस्थेचे नाव आम्ही मुद्दाम लिहीत नाही. ही खोड एकाच ठिकाणची असती तर विभागात जाऊन, चहा घेऊन बोलणे झाले असते, पत्र लिहावे लागले नसते.

आमच्यात कोणी पाण्याचे पृथक्करण करते, कोणी बंदरांची खोली मोजते, कोणी पर्यावरण अहवालांतले सागरी प्रकरण लिहिते. तुमच्याकडून पदवी घेतलेली मुले पुढे आमच्याबरोबर कामाला लागतात. दोर कसा सोडायचा, बाटली कशी भरायची इथपासून त्यांना शिकवायचे असेल तर त्यांची दोन वर्षे कशात गेली, हा प्रश्न आम्ही नाही विचारायचा तर कोणी?

गोव्यात हे व्हावे याचे जास्त वाईट वाटते. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था 1966 सालची. हेडलँड सड्यावर ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, वास्कोत नौदलाची राष्ट्रीय जलमापन संस्था, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ. ‘गवेषणी’ जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी अरबी समुद्राच्या तळातून बहुधातू गोटे पहिल्यांदा वर काढले. त्याच वर्षी डिसेंबरात डॉ. एस. झेड. कासीम यांच्या नेतृत्वाखाली देशाची पहिली अंटार्क्टिक मोहीम निघाली, तीही गोव्यातूनच. अशा ठिकाणी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने मांडवीचे पाणी पडद्यावर पाहायचे?

पडद्यावर काहीच शिकता येत नाही असे आमचे म्हणणे नाही. तापमान-क्षारतेचे आलेख वाचणे, समुद्रात तरंगत आपोआप मोजमाप करणाऱ्या आर्गो तरंडांची आकडेवारी उतरवून घेणे ही कामे संगणकावरचीच. पण हाताने करायची कामे हातानेच शिकावी लागतात, आणि ती कुठे बिघडतात हे बिघडल्याशिवाय कळत नाही.

पाण्यातल्या ऑक्सिजनचे मापन घ्या. विंकलरची पद्धत पुस्तकात अर्ध्या पानाची आहे. हव्या त्या खोलीवरचे पाणी कोंडून आणणारी निस्किन बाटली वर आली की सर्वांत आधी ऑक्सिजनचा नमुना घ्यायचा, मग कार्बन डायऑक्साइड आणि पीएच, मग पोषकद्रव्ये, क्षारता शेवटी. हवा लागून ज्याचे बिघडते त्याचा नंबर आधी. त्याहीआधी एक तपासणी: वरचा हवेचा स्क्रू बंद ठेवून खालची तोटी उघडायची. पाणी वाहू लागले तर बाटली गळते आहे, तो नमुना त्या खोलीचा नव्हे. मग रबरी नळी 125 मिलीलिटरच्या काचेच्या बाटलीच्या तळाशी टेकवायची, नळीतले बुडबुडे चिमटून काढायचे, बाटलीच्या दोन-तीन पट पाणी ओसंडू द्यायचे आणि नळी सावकाश वर घ्यायची. मँगनस क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइड प्रत्येकी 1 मिलीलिटर, पिपेटचे टोक पाण्याखाली ठेवून. बूच लावून उलटसुलट हलवायचे. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा राहिला तर जवळजवळ नाही. साका बसला की पुन्हा एकदा हलवायचे, नंतर आम्ल, मग 0.01 नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेशन.

आता यात काय बिघडते? बुचाखाली 0.1 मिलीलिटरचा, म्हणजे मुगाच्या दाण्याहून थोडा मोठा, हवेचा बुडबुडा राहतो. त्यात साधारण 0.9 मायक्रोमोल ऑक्सिजन असतो. तो विरघळला की 125 मिलीलिटरच्या बाटलीत लिटरमागे सुमारे 7 मायक्रोमोलची भर पडते. पृष्ठभागाच्या पाण्यात लिटरमागे 200 मायक्रोमोलच्या आसपास ऑक्सिजन असतो, तिथे ही चूक तीन-चार टक्क्यांची, खपून जाते. पण पावसाळ्याच्या शेवटी आपल्या किनाऱ्यासमोरच्या तळाच्या पाण्यात 10 मायक्रोमोलच असतील तर तोच बुडबुडा उत्तर 17 दाखवतो. समुद्र गुदमरतो आहे की नाही, याचा निकाल त्या बुडबुड्यावर लागतो. हलत्या बोटीवर, ओल्या हातांनी, मागे तिघे जण आपल्या बाटल्यांसाठी थांबलेले असताना हे करून पाहिल्याशिवाय बुडबुडा का राहतो ते समजत नाही. चित्रफितीत बाटली कधी हलत नाही.

पोषकद्रव्यांचेही तसेच. फॉस्फेटसाठीची बाटली साबणाने धुतली की त्या साबणातले फॉस्फेट मोजले जाते, म्हणून ती सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवायची. सिलिकेटचा नमुना काचेत ठेवायचा नाही, काचच त्यात उतरते. शेजारी कोणी सिगारेट ओढत असेल तर अमोनियाचा आकडा फुगतो. ही माहिती परीक्षेत दोन गुणांची आहे. नोकरीत तिच्यावर महिनाभराची आकडेवारी ठेवावी किंवा टाकावी लागते.

आता पावसाळा. आमची खरी तक्रार इथे आहे.

पहिले सत्र पावसात सुरू होते आणि क्षेत्रभेटी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवल्या जातात, कारण समुद्र तेव्हा शांत असतो. शांत समुद्र सोयीचा खरा, पण त्या दिवसांत मांडवी आणि जुवारीत पावसाळ्यातल्या घडामोडींपैकी फारसे काही शिल्लक नसते. आषाढात याच खाड्यांत वरचा थर गोडा आणि खाली मुखाकडून शिरणारी खारट पाचर असते. गाळ वाहत येतो, प्लवकांच्या, म्हणजे पाण्याबरोबर वाहणाऱ्या बारीक जीवांच्या, जाती बदलतात, पाणी इतके गढूळ होते की पांढरी सेकी तबकडी हातभर खोलीवर दिसेनाशी होते. किनाऱ्याबाहेर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचे थंड, ऑक्सिजन कमी असलेले पाणी किनाऱ्याकडे वर येते, आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर त्यावर झाकण घालतो. तळाशी ऑक्सिजन घटत जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइडही सापडतो. कांदोळीसमोरच्या उथळ समुद्रात समुद्रविज्ञान संस्थेने वर्षानुवर्षे घेतलेल्या नोंदींमुळे हे जगभर वाचले जाते. आणि इथला विद्यार्थी तो नमुना एकदाही हातात न घेता पदवीधर होतो!

पावसात समुद्रात कसे जायचे, हा आक्षेप रास्त आहे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवसांची मासेमारीबंदी असते, मांडवीच्या मुखाशी आग्वादचा वाळूचा बांध नौकांना धोकादायक होतो. जाऊच नका समुद्रात. खाडीच्या आत काम करा. गोव्यात फेरीबोटी पावसातही चालतात, त्यांचे धक्के पक्के असतात, वीज असते, आडोसा असतो. जुने गोवे, दिवाडी, चोडण, रायबंदर असे एकामागून एक धक्के नदीच्या कडेने मिळतात. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या उधाणाला एका धक्क्यावर बसा आणि दर तासाला एक, असे चौदा नमुने घ्या. भरती-ओहोटीचे एक आवर्तन 12 तास 25 मिनिटांचे, ते त्यात पूर्ण येते. लागते काय? दोर बांधलेली एक लहान निस्किन बाटली, क्षारतामापक, तापमापक, सेकी तबकडी, ऑक्सिजनच्या बाटल्यांची पेटी आणि छत्र्या. आठवड्याने भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान, भरतीला हेच पुन्हा करा, म्हणजे उधाण आणि भांग यांतला फरक विद्यार्थ्याला त्याच्या स्वतःच्या आकड्यांत दिसेल. बोटीचे भाडे शून्य.

एक सूचना, न मागता. पैसे वाचवायला म्हणून विद्यार्थ्यांना मासेमारीच्या ट्रॉलरवर चढवू नका. ट्रॉलर मासे धरायला नोंदवलेला असतो, माणसे न्यायला नव्हे, आणि अपघात झाला तर विम्याचा प्रश्न तिथेच मिटतो, तुमच्या विरुद्ध. बंदर कप्तान खात्याची प्रवासी परवानगी असलेली बोट घ्या, परवान्यावर लिहिलेली प्रवासीसंख्या वाचा, माणशी एक जीवरक्षक जॅकेट मोजून घ्या. तांडेल ‘आज नको’ म्हणाला तर आज नको.

दुसरी तक्रार उपकरणांच्या वाटणीची. वीस विद्यार्थ्यांत एकच ग्रॅब असला की सहा जण दोर धरतात आणि चौदा जण मोबाइल. तळाच्या गाळाचा नमुना घेणारा व्हॅन वीन ग्रॅब दिसायला सोपा. पण जबड्यात शिंपला अडकला तर वर येईपर्यंत निम्मा गाळ धुऊन जातो. असा नमुना फेकून पुन्हा टाकायचा असतो, आणि तो फेकायचा निर्णय ज्याने कधी घेतलेला नाही तो पुढे नोकरीत अर्धा ग्रॅबही खपवतो. प्लवकांच्या जाळ्याचीही तीच गत. 60 सेंटिमीटर तोंडाचे, 200 मायक्रॉन छिद्रांचे जाळे 100 मीटर ओढले तर साधारण 28 घनमीटर पाणी गाळले जाते. हे अंतर तोंडाशी बसवलेल्या प्रवाहमापकावरून काढतात. जाळे पाण्यात सोडण्याआधीचा आकडा लिहायचा राहिला की बरणीत प्राणी कितीही असोत, घनमीटरमागे किती याचे उत्तर मिळत नाही. बरणी फॉर्मॅलिनमध्ये दिमाखात उभी राहते, एवढेच.

हे सगळे का सांगतो आहोत? कारण पदवीनंतरची कामे याच गोष्टींवर मिळतात, आणि तुमच्या माहितीपत्रकांतले ‘उज्ज्वल संधी’ हे प्रकरण त्याबद्दल काही सांगत नाही. पालकांना तर अजून हा विषय शिकून मुलगा तारवटी होईल, जहाजावर जाईल असे वाटते. जहाजावरच्या नोकरीचा रस्ता मर्चंट नेव्हीच्या वेगळ्या प्रशिक्षणातून जातो, सागरविज्ञानाच्या एम.एससी.तून नव्हे, हे प्रवेशाच्या वेळी स्पष्ट सांगणारा एक कागद तरी द्या.

संशोधनात जायचे तर सीएसआयआर-यूजीसी नेट ही फेलोशिपची परीक्षा. त्यात पृथ्वी, वातावरण, महासागर व ग्रह विज्ञानाची वेगळी प्रश्नपत्रिका आहे. जीवशास्त्राकडून आलेले बहुतेक जण जीवविज्ञानाची देतात. फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षे महिना 37,000 रुपये आणि घरभाडे. गेट द्यायची तर वातावरण व महासागर विज्ञान हा अभियांत्रिकी विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकेतला एक विभाग आहे, आणि त्याच्याबरोबर अभियांत्रिकी गणित सक्तीचे. प्राणिशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र करून आलेली मुले इथेच अडतात. बारावीनंतर सुटलेले गणित दोन वर्षांत कोणी त्यांना परत दिलेले नसते. प्रवेशानंतर चार आठवडे कलन, सदिश आणि थोडी संख्याशास्त्राची उजळणी घेतली तर लाटा आणि प्रवाहांचा पेपर पाठांतराचा राहणार नाही.

जलमापन हे दुसरे क्षेत्र, आणि गोव्यात बसून त्याच्याकडे दुर्लक्ष व्हावे याचे नवल वाटते. बंदरे, गाळउपसा, पूल, समुद्रतळाच्या केबल यांना खोलीचे नकाशे लागतात. प्रतिध्वनीवरून खोली काढताना पाण्यातला ध्वनीचा वेग माहीत असावा लागतो. 28 अंशांच्या खाऱ्या समुद्रात तो सेकंदाला सुमारे 1,540 मीटर, त्याच तापमानाच्या गोड्या पाण्यात सुमारे 1,500. पावसाळ्यात खाडीत समुद्राचा वेग धरून मोजणी केली तर 10 मीटर खोलीत पाव मीटरपर्यंत चूक होते. आंतरराष्ट्रीय जलमापन संघटनेच्या ‘विशेष’ दर्जाच्या सर्वेक्षणात त्या खोलीला उभ्या मापातल्या सगळ्या अनिश्चितता मिळून साधारण तेवढीच मुभा आहे. म्हणजे भरती-ओहोटी, जीपीएस, बोटीचे डोलणे यांच्यासाठी काहीच उरत नाही. गोड्या थराखाली खारे पाणी असते हे ज्याने आषाढात मोजले आहे, त्याला ध्वनिवेगाची नोंद का घ्यायची ते वेगळे समजवावे लागत नाही.

पर्यावरण परिणाम अहवालांत सागरी जीवशास्त्र व पाण्याच्या गुणवत्तेच्या माणसांना काम असते. 14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरण परिणामांविषयीची अधिसूचना आणि किनारी नियमन क्षेत्राचे नियम वाचलेला पदवीधर तिथे महिन्याभरात रुळतो, न वाचलेल्याला वर्ष लागते. या अहवालांना बहुधा पावसाळा सोडून एका हंगामाची आकडेवारी चालते, म्हणून काहींना वाटते की पावसातले काम आलेच नाही तरी बिघडले कुठे. बिघडते ते अहवालातच, पण तो विषय दुसऱ्या पत्राचा.

जहाजांच्या भारजलाचे, म्हणजे तोल राखायला टाक्यांत भरलेल्या पाण्याचे, क्षेत्र नवे आहे. आंतरराष्ट्रीय करार 8 सप्टेंबर 2017 पासून लागू झाला. 50 मायक्रॉन व त्याहून मोठे जिवंत जीव घनमीटरमागे 10 पेक्षा कमी आणि 10 ते 50 मायक्रॉनचे मिलीलिटरमागे 10 पेक्षा कमी असावेत, अशी त्याची अट. ही मोजणी करायला सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत आणि मेलेले ओळखणारा माणूस लागतो. मुरगाव बंदर समोर असताना त्याचे एकही प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात का नसावे?

सागरी माहितीवर काम करायचे तर पायथॉन ही संगणकभाषा आणि नेटसीडीएफ या आकडेवारीच्या फायली हाताळता येणे हा उंबरठा आहे. गोताखोरीचे प्रमाणपत्र असेल तर प्रवाळ आणि तळाच्या जीवांच्या कामात उपयोग होतो, पण पहिल्या पायरीचे प्रमाणपत्र 18 मीटरपर्यंतचेच असते आणि ते मिळाले म्हणजे पाण्याखाली शास्त्रीय नोंदी घेता येतात असे नाही. अंटार्क्टिकाचे आकर्षण सर्वांनाच असते. तिथे निवडीनंतर वैद्यकीय तपासणी आणि औलीचे बर्फातले प्रशिक्षण असते, हे मुलांना आधी सांगा, म्हणजे कोण खरोखर इच्छुक आहे ते कळेल.

आता भरतीचे नियम लिहिणाऱ्यांना. मत्स्यव्यवसाय क्षेत्रातल्या अनेक जाहिराती बी.एफ.एससी. ही मत्स्यविज्ञानाची पदवी मागतात, आणि सागरविज्ञानाचा पदवीधर तिथे दारातच अडतो. इतर जाहिरातींत ‘प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्र’ असे लिहिलेले असते. सागरविज्ञान हे नाव नसते, म्हणून उमेदवाराला समकक्षतेचा दाखला आणायला धावावे लागते आणि तो येईपर्यंत मुदत संपते. मत्स्यबीज किंवा तलाव व्यवस्थापनाच्या पदाला बी.एफ.एससी. मागणे योग्यच आहे, त्याबद्दल वाद नाही. पण खाडीच्या पाण्याची तपासणी, किनारी क्षेत्राची पाहणी, खारफुटीची नोंद या कामांसाठी नेमके शिकलेल्या माणसाच्या पदवीचे नाव यादीत नसावे, याचे समर्थन कसे करायचे? एक ओळ वाढवायची आहे.

आमच्या मागण्या:

पाण्यावरचे आठ दिवस कायम ठेवा. त्यातले किमान तीन जुलै ते सप्टेंबरात, खाडीतल्या धक्क्यांवर घ्या. आभासी क्षेत्रकार्य हवे असेल तर ते वर्गातल्या तासांतून काढा.

प्रत्येक विद्यार्थ्याने एकट्याने, दुसऱ्याच्या हाताखाली नव्हे, दहा ऑक्सिजन नमुने, पाच ग्रॅब, पाच प्लवक-ओढी आणि भरतीच्या एका पूर्ण आवर्तनाच्या नोंदी कराव्यात. हे नोंदवहीत तारीख, वेळ, जागा आणि शिक्षकांच्या सहीसह असावे. फसलेले नमुनेही लिहावेत, का फसले त्यासह. मुलाखतीला आम्ही गुणपत्रिकेआधी ही वही मागू.

गणिताची चार आठवड्यांची उजळणी प्रवेशानंतर लगेच घ्या.

गेल्या पाच तुकड्यांतले विद्यार्थी आज कोणत्या कामावर आहेत, नावे न देता, याची यादी संकेतस्थळावर लावा. शाळेत शिकवणारे, बँकेत गेलेले, घरी बसलेले, सगळे त्यात येऊ द्या. सतराव्या-अठराव्या वर्षी निर्णय घेणाऱ्यांना ती वाचायला मिळाली पाहिजे.

गोव्यातल्या संस्थांनी मिळून एक प्रवासी परवाना असलेली बोट वर्षभरासाठी ठरवावी आणि दिवस वाटून घ्यावेत. प्रत्येकाने वेगळी बोट वेगळ्या भावाने घेतली की भाडे परवडत नाही, हे तुमच्याच मसुद्यातले कारण आहे.

भरती नियमांत सागरविज्ञान व त्याच्या शाखांची नावे संबंधित पदांपुढे घाला.

मसुदा मंजुरीला जाण्याआधी लेखी उत्तर मिळावे. बैठकीला बोलावलेत तर आम्ही येऊ, आणि धक्क्यांवरच्या पहिल्या दोन दिवसांना उपकरणे व माणसे आमची, विनामूल्य.

आपले,
मांडवी-जुवारीच्या पाण्यावर काम करणारे काही जण

ता. क. टायट्रेशनचे स्टार्च द्रावण दर आठवड्याला नवे करायला सांगा. पावसात ते लवकर बुरसते, निळा रंग जांभळट-लालसर येऊ लागतो, आणि मुले शेवटचा बिंदू चुकवतात.